मार्सेय : टेकडीवरची बॅसिलिका (नोत्र-दाम द ला गार्द), ज्येष्ठांना घेऊन जायचंय, माहिती हवी

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॅरिसहून मार्सेयला दोन रात्रींचा मुक्काम आहे. सोबत आई-बाबा. बाबा रोज चालणारे, आईचा गुडघा मात्र पायऱ्या मानत नाही, सपाटीला त्रास नाही. टेकडीवरच्या बॅसिलिकेसाठी एक सकाळ राखून ठेवली आहे. प्रश्न असे:
वर जायचं कसं? एका जुन्या पुस्तकात लिफ्टचा उल्लेख सापडला, ती अजून चालते का? आत नेमकं काय बघायचं आणि किती वेळ धरायचा? सावरकरांनी उडी मारली ते बंदर वरून दिसतं का, बाबांचा हा पहिला प्रश्न आहे. साताऱ्यातून व्हिसासाठी पुण्यालाच जावं लागेल ना?

माची_पेठ
आधी उंचीचा अंदाज घ्या. टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटर, आणि जुनं बंदर समुद्रालाच लागून, त्यामुळे चढही तेवढाच. अजिंक्यताऱ्यावर पायी जाणाऱ्याला तो निम्माच वाटेल. पण तिथे गाडीरस्ता वळणं घेत चढतो, इथे वस्तीतल्या गल्ल्या सरळ अंगावर येतात. बंदरापासून अंतर दीडेक किलोमीटर, सावकाश चाललात तर ३५-४० मिनिटं. शेवटच्या टप्प्याला पायऱ्या आहेतच. आईंना पायी नेऊ नका.

६० नंबरची सिटी बस जुन्या बंदराजवळून मिळते आणि थेट बॅसिलिकेच्या पायथ्याशी, वाहनतळावर सोडते. जुन्या बंदराचा कोपरा मोठा आहे, थांबे विखुरलेले आहेत. कूर बालार हे रस्त्याचं नाव शोधा, म्हणजे चुकीच्या काठावर उभं राहणं होणार नाही. बस लहान, वळणं घट्ट. दहानंतर क्रूझ जहाजांचे गट उतरले की बसायला जागा मिळत नाही आणि उभ्यानं वळणं घेणं ज्येष्ठांना जड जातं. साडेआठ-नऊच्या आत निघा. बॅसिलिका सकाळी ७ ला उघडते, त्यामुळे लवकर पोचून ताटकळावं लागत नाही. प्रवेश फुकट आहे. आतल्या संग्रहालयाला तेवढं तिकीट लागतं.

ती लिफ्ट विसरा. १८९२ मध्ये सुरू झाली, १९६७ मध्ये बंद पडली. उतारावरून दोन डबे एकमेकांना तोलत वर-खाली जायचे. वरच्या डब्याखालच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि खालच्याला वर ओढायचा. मोटारी आणि बस वरपर्यंत जायला लागल्यावर गिऱ्हाईक संपलं. जुन्या पोस्टकार्डांवर ती अजून दिसते, म्हणून हा गोंधळ होतो.

पोवई_नाका
ती पर्यटकांची छोटी रबरी चाकांची 'ट्रेन' पण जाते की. बंदराच्या उत्तर काठावरून सुटते, वर थांबते, बघून झालं की पुढच्या फेरीनं परत येता येतं.

माची_पेठ
जाते, पण बसपेक्षा बरीच महाग, खडखडते, आणि वर मिळणारा वेळ परतीच्या फेरीवर अवलंबून. माझं मत बसलाच.

पोवई_नाका
गुडघेदुखी असलेल्या माणसाला बसायची खात्रीची जागा मिळते, हे विसरू नका. बस भरून आली तर तुमचा हिशेब कोसळला.

माची_पेठ
तेही खरं. मग असं करा, जाताना लवकरची बस, परत येताना जे रिकामं दिसेल ते.

यवतेश्वर_घाट
बसमधून उतरल्यावर लगेच दमू नका, अजून वर चढायचंय. वाहनतळापासून चर्चच्या ओट्यापर्यंत पायऱ्या आहेत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी लिफ्टची सोय आहे (जुनी नव्हे, इमारतीतली). पाटी चटकन नजरेत भरत नाही, तेव्हा खालच्या कर्मचाऱ्याला 'आसांसर?' असं विचारा, हात करून दाखवतात. प्रवेशाशी बॅगा उघडून बघतात. मोठी सुटकेस घेऊन जाऊ नका. त्याच दिवशी गाव सोडणार असाल तर सामान सें-शार्ल स्टेशनवर ठेवून या. त्या स्टेशनसमोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे. फोटोत छान दिसतो, पण आईंसाठी तो टाळा. स्टेशनच्या पोटातूनच मेट्रोची १ नंबरची लाइन धरा, दुसरा थांबा जुनं बंदर.

मेट्रोत आणि बंदरावर खिसे सांभाळा. मोबाइल हातात धरून नकाशा बघत उभं राहणारा माणूस पहिला सापडतो.

समर्थमंदिर_चौक
आत काय बघायचं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे लोक निम्मंच बघून परत येतात.

इमारत दुमजली आहे. खाली क्रिप्ट, म्हणजे खडकात बसवलेलं खालचं चर्च: बुटकं, काळोखं, जाड कमानींचं. त्याच्यावर मुख्य चर्च. खालच्या दारानं शिरलात की हे बुटकं सभागृह लागतं आणि 'एवढंच?' असं वाटतं. बाहेर येऊन जिन्यानं वर गेलात की एकदम सोनेरी घुमट, लाल-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे आणि पायाखाली रंगीत तुकड्यांची नक्षी (मोझेइक). दोन्ही मजले बघायचे, आणि याच क्रमानं. उलट केलं तर खालचं फिकं पडतं.

वर गेल्यावर मान वर करा. कमानींमधून लांब दोऱ्यांना लाकडी जहाजांची छोटी छोटी प्रारूपं टांगलेली आहेत. शिडाची गलबतं, आगबोटी, मच्छीमारी होड्या. वारा आत आला की एखादी हळूच वळते. भिंतींवर संगमरवरी पाट्या ओळीनं ठोकलेल्या. बहुतेकांवर 'मेर्सी' (आभार), खाली आद्याक्षरं आणि साल, बस. आपल्याकडे नवस फेडतात तेच हे. काही चित्रं आहेत, त्यात वादळात कलंडलेलं जहाज आणि वरच्या कोपऱ्यात ढगात मेरी. ही चित्रं कुणा मोठ्या चित्रकाराची नाहीत, वाचलेल्या खलाशांनी काढून घेतलेली आहेत, आणि माझ्या मते मोझेइकपेक्षा जास्त वेळ यांनाच द्यावा. घाई केली तर फक्त सोनं बघून परत याल. मुख्य वेदीवरची मेरीची मूर्ती चांदीची आहे, १८३७ ची. आधीची चांदीची मूर्ती फ्रेंच राज्यक्रांतीत वितळवली गेली.

इतिहास थोडक्यात: १२१४ मध्ये एका धर्मगुरूनं इथे छोटं प्रार्थनास्थळ बांधलं. सोळाव्या शतकात राजा पहिला फ्रान्स्वा यानं शहराच्या बचावासाठी दोन किल्ले बांधले, एक समोरच्या बेटावर, शातो दिफ, आणि दुसरा याच टेकडीवर, प्रार्थनास्थळाला पोटात घेऊन. त्यामुळे कित्येक वर्षं खलाशी नवस फेडायला लष्करी किल्ल्यातच येत. आजची इमारत त्याच किल्ल्याच्या बुरुजावर उभी आहे. आत शिरताना उचलता पूल लागतो, तो त्याचीच खूण. पायाभरणी ११ सप्टेंबर १८५३, अभिषेक जून १८६४, तोही काम अर्धवट असताना. वास्तुरचनाकार आँरी एस्पेरांदियो त्या वेळी जेमतेम विशीतला आणि पंथानं प्रोटेस्टंट. कॅथलिक बिशपनं त्याला एवढं मोठं काम दिलं, यावर तेव्हा कुरकुर झालीच. १८७४ मध्ये तो वारला, उरलेलं आँरी रेव्वालनं पुरं केलं.

शाहूपुरी_गल्ली
सुंदर माहिती. वाचनखूण साठवली.

कण्हेर_धरण
वरच्या पोस्टमध्ये दगडाचं राहिलं. बाहेरून इमारत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. पांढरा चुनखडी दगड जवळच्या कालिसानचा, हिरवट दगड इटलीतल्या फ्लोरेन्सजवळचा. हिरवा दिसतो देखणा, पण टिकाऊपणात पांढऱ्याच्या मागे. शहराच्या धुरानं आणि हवेनं तो खात गेला, पापुद्रे सुटले. आतल्या मोझेइकवर मेणबत्त्यांची काजळी बसली. २००१ ते २००८ या काळात मोठी दुरुस्ती झाली, त्यात खराब झालेला हिरवा दगड बदलला आणि मोझेइक साफ करून पुन्हा बसवलं. तुकडे व्हेनिसच्या ओर्सोनी कारखान्यातून आणले, मूळचेही तिथलेच होते.

दुरुस्तीत बंदुकीच्या गोळ्यांनी फुटलेले दगडही होते. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्य या टेकडीवर ठाण मांडून होतं आणि २५ तारखेला फ्रेंच सैन्यानं गल्ल्यांतून चढत ती घेतली. काही खड्डे मुद्दाम तसेच ठेवलेत. भिंतीशी जवळ जाऊन बघितलं तर कळतात, लांबून नुसता जुना दगड वाटतो.

मनोऱ्यावरची मेरीची मूर्ती ११.२ मीटर उंच आहे. तांब्याची, पण ओतलेली नव्हे: विजेच्या साहाय्यानं साच्यावर तांबं चढवून तुकडे केले, मग जोडले. क्रिस्तोफ्ल या चांदीची भांडी करणाऱ्या कंपनीचं ते काम, शिल्पकार लकेन. सप्टेंबर १८७० मध्ये ती वर बसली. ओतीव धातूची केली असती तर वजन मनोऱ्याला पेललं नसतं, हा त्यामागचा हिशेब. वर सोन्याचा वर्ख आहे. खारट वाऱ्यानं तो पातळ होत जातो, म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो. २०२५ मध्ये त्यासाठी परांच्या उभ्या होत्या. त्या वर्षीचे फोटो बघून 'मूर्ती कुठे गेली' असं वाटू देऊ नका. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचं वजन ८,२३४ किलो, नाव मारी-जोसेफीन.

वाई_घाटावर
वाऱ्याचं कुणी बोललं नाही! मिस्त्राल हा तिथला उत्तर-पश्चिमेचा वारा, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून घुसतो आणि मार्सेयवर आदळतो. टेकडीचा माथा उघडा, आडोसा नाही. खाली बंदरावर झुळूक वाटत असेल तर वर टोपी जाते. छत्री तर उघडूच नका. सप्टेंबरात खाली उकडत असलं तरी आई-बाबांना कान झाकणारं काहीतरी आणि पातळ जाकीट द्या. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाऐवजी वाऱ्याचा वेग बघा. ताशी ६०-७० किलोमीटर दाखवत असेल आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर खुशाल पुढे ढकला. वारा पडल्यावरच्या सकाळी हवा इतकी धुतलेली असते की लांबची बेटं जवळ आल्यासारखी दिसतात. दोन रात्री आहात, तेव्हा आधीच दिवस पक्का करू नका.

फोटोसाठी: जुनं बंदर आणि शहर उत्तरेला, त्यामुळे दिवसभर ऊन तुमच्या पाठीशी. बेटं (फ्रिऊल आणि दिफ) पश्चिमेला. दुपारनंतर सूर्य समोर येतो, बेटं नुसती काळी दिसतात. सकाळीच घ्या. सूर्यास्ताचा नाद सोडा. सप्टेंबरच्या मध्याला तो पावणेआठच्या सुमारास, आणि बॅसिलिका ऋतूप्रमाणे सहा-सातच्या आसपास बंद होते. डिसेंबरात पाचलाच मावळतो, तेव्हा जमतं. सूर्यास्त हवाच असेल तर बंदराच्या तोंडाशी फारो राजवाड्याची बाग आहे, तिथे जाऊन बसा. चढ कमी, बाकडी आहेत.

करंजे_तर्फ
सावरकरांच्या जागेबद्दल. 'बंदर' म्हटलं की लोक जुन्या बंदराकडे बोट दाखवतात, ते चूक. १९१० पर्यंत मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात येत नव्हत्या, त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएतच्या बाजूनं नव्या गोद्या झाल्या होत्या. ओट्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. आधी होड्यांच्या डोलकाठ्यांनी भरलेलं चौकोनी जुनं बंदर, त्याच्या डावीकडे पट्ट्यापट्ट्यांचं मोठं कथेड्रल, आणि कथेड्रलच्या पुढे किनाऱ्याला धरून लांबवर गेलेल्या गोद्या, आता तिथे कॉर्सिका-अल्जीरियाच्या फेरीबोटी लागतात. सावरकरांची बोट 'मोरिया' त्या बाजूला लागली होती. बाबांना दाखवायचं ते हे.

८ जुलै १९१० ची सकाळ. पोहून किनाऱ्यावर आले, धावले, फ्रेंच शिपायानं पकडून परत ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हाती दिलं. खरा प्रश्न इथून सुरू झाला, कारण फ्रान्सच्या भूमीवरून माणूस असा परस्पर देता येतो का? प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

प्रत्यक्ष तिकडे जायचं असेल तर मेट्रोची २ नंबरची लाइन, जोलिएत थांबा. पण गोदीला कुंपण आहे, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. बाहेरच्या रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच. त्यापेक्षा टेकडीवरून नीट दिसतं.

पोवई_नाका
किती अंतर पोहले यावर आता तीस प्रतिसाद येणार :)

करंजे_तर्फ
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे प्रवासाचंच राहू द्या.

अपशिंगे_रोड
अवांतर, पण साताऱ्याच्या माणसानं चुकवू नये असं. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानी पलटणी पहिल्या महायुद्धासाठी युरोपात उतरल्या त्या मार्सेयलाच. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे आणि तिथे दहन झालेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. बॅसिलिकेच्या ओट्यावरून दक्षिणेकडे फुटबॉलचं पांढऱ्या लाटेसारखं छत दिसतं, ते व्हेलोड्रोम स्टेडियम. माझार्ग त्याच्याही पलीकडे. मेट्रोनं राँ-प्वाँ द्यू प्रादोपर्यंत आणि पुढे बस. जाऊन येऊन अर्धा दिवस जातो. ज्यांच्या घरात फौजेची परंपरा आहे त्यांनी तो काढावाच.

सदरबझार
प्रार्थनेच्या वेळेबद्दल थोडं. ही चालू उपासनेची जागा आहे. मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तेव्हा मागच्या बाकांवर बसा किंवा बाहेर थांबा. मधल्या वाटेनं फिरणं, फोटो काढणं नाही. रविवारी सकाळी गर्दी आणि लागोपाठ मिस्सा, त्यामुळे बघायला येणाऱ्यानं इतर वार निवडावा. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची, खांदे झाकलेले असावेत.

आपल्या लोकांकडून हमखास होणारी चूक: शेवटी सगळे रांगेत उभे राहतात, पुढे पांढरी पातळ चकती देतात, आपण प्रसाद समजून हात पुढे करतो. तो प्रसाद नव्हे. तो फक्त त्या संस्कारात असलेल्या कॅथलिकांनी घ्यायचा असतो. रांगेत सापडलातच तर दोन्ही हात छातीशी दुमडून पुढे जा, धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. मेणबत्ती कुणीही लावू शकतो, हरकत नसते.

१५ ऑगस्टला मेरीचा मोठा सण असतो, मिरवणूक निघते, टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. ८ सप्टेंबर हा मेरीच्या जन्माचा दिवस, आपल्या वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा त्यालाच धरून असते. तिथे मेणाचे हात-पाय वाहतात, इथे संगमरवरी पाट्या आणि होड्या. तुमची तारीख ८ ला लागून असेल तर मिस्सांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या.

कोरेगाव_स्टेशन
व्हिसा: फ्रान्सचे अर्ज व्हीएफएसकडे (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी), साताऱ्याला जवळचं केंद्र पुणे. सहलीतल्या सर्वांत जास्त रात्री फ्रान्समध्ये असतील तर फ्रान्सकडेच अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, १५ दिवसांच्या आत आलेला घेत नाहीत. मोठ्यांची मूळ फी ९० युरो, केंद्राचा सेवा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा. ज्येष्ठांच्या विम्यात आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, तो रकाना वाचून घ्या. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसासाठी दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. अर्ज अडकतो तो मुख्यतः एका कारणानं: दिवसवार कार्यक्रमातल्या रात्री आणि हॉटेलच्या पावत्या जुळत नाहीत. मार्सेयच्या दोन रात्री कागदावर दोनच दिसल्या पाहिजेत.

आणि हो, कंदी पेढे नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, सापडले तर कचऱ्यात जातात आणि वर दंडही होऊ शकतो. ओला कढीपत्ताही नको, ताज्या पाल्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते, पण डबा हातातल्या बॅगेत नको.

गोडोलीकर
सर्वांचे आभार. दोनच शंका उरल्या. बाबांना उतरताना चालायचंय, वाट कुठली? आणि वर खाण्यापिण्याचं काय?

माची_पेठ
उतरताना बुलव्हार आंद्रे ओननं उतरा, सरळ उतार आहे. गुडघ्यापेक्षा पायाची बोटं दुखतात, म्हणून बूट पुढे घट्ट बांधायचे. सुरुवातीलाच थोडी वाकडी वाट करून प्लास द्यू कोलोनेल एदोंला जा. तिथे 'जान दार्क' नावाचा रणगाडा उभा आहे, २५ ऑगस्ट १९४४ च्या चढाईत याच जागी तो पेटला आणि आतले तीन सैनिक गेले. दहा मिनिटांचं काम. खाली प्युजे बाग लागते, सावलीत बसता येतं, बंदर समोर. आई बसनं उतरून बंदरावर थांबतील तर चुकामूक टाळायला भेटीची जागा ठरवा: बंदराच्या टोकाला आरशासारखं चकचकीत मोठं छत आहे, त्याखाली. सावलीही आहे.

यवतेश्वर_घाट
वर उपाहारगृह आहे, स्वच्छतागृह आहे. शाकाहारी माणसाला कॉफी, पाव, सॅलड यापलीकडे फारशी आशा नको, आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळली की स्वयंपाकघर बंद. बाटली भरून न्या, उन्हात ओट्यावर सावली नाही. मेणबत्तीसाठी युरोची सुटी नाणी जवळ ठेवा. नोट घेऊन उभं राहिलं की मागची रांग खोळंबते.